सोनेरी ॲमोनाइटची पावडर का होते?

इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरून आणलेला किंवा ऑनलाइन मागवलेला सोनेरी ॲमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखाचा जीवाश्म, मुंबईतल्या घरात काचेच्या कपाटात ठेवला, की पहिला पावसाळा कदाचित नीट जातो. पुढच्या एखाद्या पावसाळ्यात त्यावर पांढुरकी भुकटी धरते. लोकांना ती बुरशी वाटते. खाली ठेवलेला कागद तपकिरी पडून चुरमडतो, कपाट उघडलं की काडेपेटी ओढल्यासारखा आंबूस वास येतो. मग एक दिवस उचलायला जावं तर बोटांत तुकडे येतात.

जवळजवळ १९ कोटी वर्षं टिकलेली वस्तू तीन-चार वर्षांत संपते. विकणाऱ्याने फसवलं असेल असा संशय येतो, पण बहुतेकदा वस्तू अस्सलच असते. ती कशी तयार झाली हे कळलं, की ती का मोडते आणि कशी वाचवायची हेही कळतं.

## ॲमोनाइट म्हणजे काय

कोकणात जेवणात असतो त्या माकुलाचा आणि ऑक्टोपसचा हा नातेवाईक. दिसायला गोगलगाईच्या शंखासारखा, पण आतली रचना अगदी वेगळी. गोगलगाईचा शंख म्हणजे एकच लांब बोगदा. ॲमोनाइटच्या शंखात पडदे घालून खोल्या केलेल्या असत. प्राणी राही शेवटच्या, सर्वांत मोठ्या खोलीत. मागच्या खोल्यांत वायू भरलेला असे, त्यामुळे तो पाण्यात तरंगे. सगळ्या खोल्यांतून एक बारीक नळी जाई. हे प्राणी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांबरोबरच, नाहीसे झाले.

## शंख सोनेरी होतो कसा

याचं उत्तर ठाण्याच्या खाडीत मिळेल. ओहोटीला खारफुटीजवळचा चिखल काठीने उकरून पाहा. वर करडा, जरा खाली काळाकुट्ट, आणि सडक्या अंड्यासारखा वास. वरच्या पातळ थरात प्राणवायू संपून जातो. त्याखाली राहणारे जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून कुजकं अन्न खातात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. तोच तो वास. चिखलातल्या लोहाशी हा वायू जुळला की काळं लोह सल्फाइड होतं, आणि त्यात आणखी गंधक मिसळलं की पायराइट. पायराइट म्हणजे एका लोहाला दोन गंधक जोडलेलं पितळी रंगाचं खनिज. सोन्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

जुरासिक काळात मेलेला ॲमोनाइट अशाच काळ्या चिखलात रुतला. बाहेरच्या चिखलापेक्षा शंखाच्या आत कुजणारं मांस जास्त, म्हणून जिवाणूंचा कारभारही तिथेच जोरात. पायराइट खोल्यांच्या भिंतींवर साचत गेलं, कधी खोल्या पूर्ण भरल्या. मूळ शंख चुन्याचा, तो पुढे बऱ्याचदा विरघळून गेला.

कुल्फी डोळ्यासमोर आणा. साचा काढला तरी साच्याचा आकार कुल्फीवर राहतो. हातात येणारा सोनेरी ॲमोनाइट पुष्कळदा अशी कुल्फीच असतो. त्याच्यावर नेच्याच्या पानासारख्या नागमोडी रेषा दिसतात, त्या पूर्वी पडदे शंखाला जिथे चिकटले होते तिथल्या सांधेरेषा. जात ओळखायला तज्ज्ञ पाहतात त्या खुणांत या रेषा फार महत्त्वाच्या.

एक गोष्ट इथेच पक्की करून ठेवू: हे सगळं घडलं ते प्राणवायू नव्हता म्हणून. पुढची सगळी कहाणी यावर उभी आहे.

## चारमथच का

डॉर्सेट आणि पूर्व डेव्हनचा सुमारे १५० किलोमीटरचा किनारा २००१पासून जागतिक वारसा आहे. त्यातलं लाइम रीजिस हे गाव मेरी ॲनिंगचं. १७९९ ते १८४७ हा तिचा काळ. प्रवाशांना जीवाश्म विकून घर चालवणाऱ्या या बाईने समुद्री सरिसृपांचे जे सांगाडे शोधले, त्यांनी त्या काळच्या विज्ञानाला पृथ्वीच्या भूतकाळाचा नव्याने विचार करायला लावलं. शेजारचं गाव चारमथ. लहान सोनेरी ॲमोनाइट शोधायला येणाऱ्यांची पावलं वळतात ती तिकडे.

चारमथच्या पश्चिमेला ब्लॅक व्हेन आणि पूर्वेला स्टोनबॅरो असे दोन कडे आहेत. कडे म्हटल्यावर सह्याद्री आठवू नका. हे मऊ, गडद रंगाच्या चिकणमातीचे ढासळते डोंगर. हिवाळी पावसाने फुगतात आणि चिखलाच्या जिभा काढत समुद्राकडे सरकतात. मे २००८मध्ये लाइम रीजिस आणि चारमथ यांच्यामधला सुमारे ४०० मीटरचा पट्टा एकदम खाली आला. समुद्र तो चिखल धुऊन नेतो, आतले जड जीवाश्म मागे राहतात. म्हणून वादळांनंतर, नोव्हेंबर ते मार्च, सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. उन्हाळी सुट्टीत गर्दी असते आणि किनारा आधीच वेचलेला असतो.

मिळणारे नमुने बहुधा अर्धा ते तीन सेंटिमीटरचे. बाजूने ठळक कंगोरे आणि अनेक वेढे असलेला एकिओसेरास, चपटा आणि कडेला धारदार ऑक्सिनोटिसेरास, काटेरी गाठींचा क्रुसिलोबिसेरास ही तिथली नेहमीची नावं. सगळेच थर सोनेरी नमुने देत नाहीत. त्याच भागातल्या एका वरच्या थरातल्या ॲमोनाइटांच्या खोल्या हिरवट कॅल्साइटने भरलेल्या असतात, आणि त्या थराचं नावच ‘ग्रीन ॲमोनाइट बेड्स’ पडलं आहे.

महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणात मात्र ॲमोनाइट शोधू नये. तो लाव्हा आहे, समुद्रतळ नव्हे. तो ओतला गेला तोही ॲमोनाइट नाहीसे होण्याच्या सुमारास. कच्छच्या जुरासिक खडकांत ॲमोनाइट विपुल आहेत, पण ते सहसा असे सोनेरी नसतात.

## शोधायचे कसे: हातोडी घरी ठेवा

तांदूळ रोळताना खडे तळाशी का राहतात? जड असतात म्हणून. पायराइटची घनता पाण्याच्या पाचपट, गारगोटीची अडीचपटीहून किंचित जास्त. लाटा वाळू-गोटे रोळत असतात आणि जड माल ठरावीक जागी गोळा होतो: मोठ्या दगडांच्या आडोशाला, चिखलाच्या जिभेच्या पायथ्याशी, ओहोटीच्या रेषेजवळच्या बारीक खडीच्या पट्ट्यात. गंजलेले खिळे आणि पायराइटचे बेढब गोळे जिथे दिसतील, तिथेच बसून शोधावं. नवखे लोक चालत राहतात आणि त्यांना काही मिळत नाही. गुडघ्यावर बसून एक चौरस मीटर जागा वीस मिनिटं पाहणाऱ्याला मिळतं. डोळ्याने रंग शोधण्यापेक्षा आकार शोधावा, कारण ओल्या खडीत पायराइट सोनेरी कमी आणि काळपट-करडं जास्त दिसतं. वेटोळं आणि एकसारखे कंगोरे दिसले की थांबा.

वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवायची. भरती उलटून पाणी उतरायला लागलं की निघावं, आणि ओहोटीचा तळ गाठला की परतीचा रस्ता धरावा. कडा आणि चढतं पाणी यांच्यामध्ये अडकलेल्या लोकांना सोडवायला तिथे तटरक्षकांना जावं लागतं. कड्याच्या पायथ्याशी उभं राहून जेवणं, फोटो काढणं नको. दगड पडताना आवाज येईलच असं नाही. चिखलाच्या जिभेवर पाय देऊ नये, वरून वाळलेली दिसते आणि आत गुडघाभर रुतवते. ब्रिटनमध्ये अशा वेळी ९९९ला फोन करून कोस्टगार्ड मागायचा.

सोबत औषधाच्या गोळ्यांच्या लहान डब्या, थोडा टिश्यू पेपर, पेन्सिल आणि वही. खिशात एकत्र टाकलेले नमुने एकमेकांवर आपटून कडा गमावतात. पायराइट कठीण असतं, पण ठिसूळही तितकंच.

## उचलून नेणं ही लूट नाही का

हा प्रश्न योग्य आहे, आणि सगळ्या जागांसाठी त्याचं एकच उत्तर नाही. चारमथला किनाऱ्यावर सुटा पडलेला लहान नमुना कोणी उचलला नाही तर पुढच्या काही भरत्यांत तो झिजून किंवा गंजून जातो. म्हणून वेस्ट डॉर्सेटची जीवाश्म-संकलनाची आचारसंहिता सुटे नमुने वेचायला मुभा देते. कड्यात खणायला मात्र परवानगी लागते. शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचं काही मिळालं, म्हणजे सांगाडा किंवा दुर्मीळ जात, तर नोंद करावी लागते, आणि त्यासाठी गावातलं हेरिटेज कोस्ट सेंटर आहे. शंका असेल तर तिथे दाखवावं. तिथले लोक नाव सांगतात आणि वस्तू परत देतात, हिसकावून घेत नाहीत. इतर देशांत आणि आपल्याकडेही जागेचा मालक आणि स्थानिक नियम विचारल्याशिवाय हात लावू नये.

## १९ कोटी वर्षं टिकला, मग आता का मोडतो

पापड डब्यात आहे तोवर कुरकुरीत. झाकण उघडं राहिलं की सादळला. ॲमोनाइटचा डबा म्हणजे ती चिकणमाती. तिथे प्राणवायू पोचत नव्हता. डबा समुद्राने फोडला, आणि पायराइटला हवा व ओलावा एकदम मिळाले.

लोह आणि गंधक दोघंही प्राणवायू घेतात, आणि तयार होतं लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल. हे लोह-सल्फेट स्फटिकात पाणी धरून बसतं आणि मूळ पायराइटच्या सुमारे सहापट जागा मागतं. भिंतीच्या भेगेत वाढणाऱ्या पिंपळाच्या मुळासारखं ते आतून दाब देतं. आधी केसाएवढी चीर, मग तुकडे. आम्ल स्वतः हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे एकदा सुरू झालेला प्रकार आपला आपण वाढत जातो. कागद, पुठ्ठा, शेजारचे चुनखडीचे जीवाश्म हे सगळं ते आम्ल खातं.

मग काही नमुने पन्नास वर्षं चकचकीत कसे राहतात? दाण्यांचा आकार. बुंदीचा लाडू आणि खडीसाखरेचा खडा पाण्यात टाका. लाडू आधी विरघळेल, कारण पाण्याला शिरायला फटी मिळतात. पुष्कळ जीवाश्मांतलं पायराइट बुंदीच्या लाडवासारखं असतं, इतक्या बारीक स्फटिकांचे गोळे की एकेक गोळा मिलिमीटरचा शंभरावा भाग भरेल. स्पेनमधून येणारे पायराइटचे मोठे घन स्फटिक खडीसाखरेसारखे, म्हणून टिकाऊ. ॲमोनाइट घट्ट, जड आणि आरशासारखा असेल तर आशा जास्त. मंद, भुरकट आणि आकाराच्या मानाने हलका असेल तर कमी.

दुकानदार अनेकदा ‘यात मार्कसाइट होतं’ असं सांगतात. मार्कसाइट हे त्याच घटकांचं, वेगळ्या रचनेचं, अधिक अस्थिर खनिज. पण मोडलेल्या बऱ्याच जीवाश्मांत दोषी असतं ते साधं बारीक दाण्याचं पायराइटच.

## पहिला आठवडा

किनाऱ्यावरून आणलेल्या नमुन्यात समुद्राचं मीठ असतं. मीठ ओलावा धरतं आणि क्लोराइड गंज वाढवतं. म्हणून त्याच दिवशी गोड्या पाण्याने, मिळाल्यास डिस्टिल्ड पाण्याने, धुवावं. मग दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवावं आणि पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावं. काही जण आठवडेच्या आठवडे भिजवतात. पाण्यातही विरघळलेला प्राणवायू असतो, तेव्हा लहान नमुन्याला इतकं भिजवण्यात फायद्यापेक्षा धोका जास्त आहे असं माझं मत.

चिखल मऊ टूथब्रशने काढावा. चिकटलेली माती लाकडी टूथपिकने. इथे आपल्याकडची एक सवय घात करते: पितळी दिसलं की चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर. यातलं काहीही लावू नका. आम्ल फटींत शिरून बसतं, आणि ब्लीच तर स्वतःच पायराइटला गंजवतं.

आता वाळवणं. टिपून घ्यावं, मग पंधरा मिनिटं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ठेवावं. ते फटींतल्या पाण्याची जागा घेतं आणि स्वतः पटकन उडून जातं. खिडकी उघडी हवी, जवळपास गॅस पेटलेला नको. त्यानंतर सिलिका जेल असलेल्या बंद डबीत चार-पाच दिवस. वाळलं की नाही हे डोळ्याला कळत नाही, वजनकाट्याला कळतं. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या आणि रोज वजन करा. लागोपाठ दोन दिवस आकडा तोच आला की वाळलं. हा आकडा लिहून ठेवा. पुढे कधी वजन वाढलेलं दिसलं, तर भुकटी दिसायच्या आधीच कळेल की आत काहीतरी सुरू झालं आहे.

## ठेवायचं कशात

हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की गंजण्याचा वेग वाढतो. ३० टक्क्यांखाली तो जवळजवळ थांबतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे उघडं कपाट बादच.

मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकतात, तेच काम सिलिका जेल नेटाने करतं. रबरी कडेचं, क्लिपचं झाकण असलेली प्लास्टिकची डबी घ्या. एक लिटरच्या डबीला ५० ते १०० ग्रॅम जेल पुरतं. रंग बदलणारं जेल घ्यावं, पण निळ्याऐवजी केशरी, कारण निळ्यात आरोग्याला घातक कोबाल्ट क्लोराइड असतं. केशरी जेल ओलं झालं की हिरवं पडतं. मग ते सुमारे ११० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवलं की पुन्हा केशरी होतं. डबीत एक छोटं आर्द्रतामापक ठेवावं. स्वस्त मापकात पाच टक्के इकडेतिकडे होतात, म्हणून आकडा ३०च्या बऱ्याच खाली ठेवावा. खाली कापूस नको, तो ओलावा आणि आम्ल धरून बसतो. पॉलिथिन फोमचा तुकडा चांगला.

खाद्यपदार्थांच्या पाकिटात येणारी प्राणवायू शोषणारी पुडी टाकली तर? ही चूक जाणती माणसंही करतात. त्या पुडीतली लोहाची पूड काम करायला ओलावा मागते. सिलिका जेलच्या शेजारी ती निकामी होते. शिवाय साध्या झिप पिशवीतून प्राणवायू हळूहळू आत येतच राहतो. संग्रहालयं यासाठी कोरड्यात चालणाऱ्या खास पुड्या आणि वायू न झिरपणारी फिल्म वापरतात. घरी सिलिका जेल पुरे.

## वार्निश मारलं की झालं ना?

झालं नाही. कोणताही पारदर्शक लेप ओलावा आणि प्राणवायू उशिरा आत सोडतो, पण सोडतोच. ओल्या किंवा खारट नमुन्यावर मारलेलं वार्निश तर ओलावा आत कोंडतं, आणि भुकटी लेपाखाली वाढते. लेप हवाच असेल तर तो मजबुतीसाठी: १०० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ, आणि तोही पूर्ण वाळलेल्या नमुन्यावर. हे पुन्हा ॲसिटोनने काढता येतं. नेलपॉलिश आणि पाण्यातला पांढरा गोंद टाळावा.

## हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो का

याला ‘पायराइट रोग’ म्हणतात आणि नावामुळे गैरसमज होतो. पूर्वी जिवाणूंवर संशय होता, पण त्यांना जवळजवळ ओलं वातावरण लागतं, ते कपाटात नसतं. शेजारच्या नमुन्याला त्रास होतो तो आम्लाचा. म्हणून भुकटी दिसली की तो नमुना वेगळा करावा आणि लगेच सर्व बाजूंनी फोटो काढावेत, कारण आकार उद्या असेलच असं नाही. हातमोजे व मास्क घालून कोरड्या ब्रशने भुकटी झाडावी. पाण्याने धुऊ नये. मग सिलिका जेलमध्ये.

आम्ल नाहीसं करण्यासाठी संग्रहालयांत अमोनियाची वाफ किंवा इथेनॉलअमाइन थायोग्लायकोलेट नावाचं रसायन वापरतात. दुसरी पद्धत १९८०च्या दशकात लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये पुढे आली. गंजलेल्या लोहाशी जुळलं की हे द्रावण जांभळं होतं, आणि जांभळेपणा येईनासा होईपर्यंत ते बदलत राहतात. रसायन विषारी आहे, घरी करायचं काम नव्हे. दोन्ही उपायांनी फुटलेला तुकडा पूर्ववत होत नाही, पुढची पडझड तेवढी मंदावते.

## मग देव्हाऱ्यातला शाळिग्राम?

नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणारे शाळिग्राम म्हणजे काळ्या घट्ट दगडात बंद झालेले ॲमोनाइट, तेही जुरासिक काळातले. ज्याला आपण चक्र म्हणतो ते त्या शंखाचं वेटोळं. काहींत पिवळी चमक दिसते, ती पायराइटची. रोज अभिषेक होऊनही ते टिकतात, कारण पायराइट दाट दगडात गाडलेलं असतं आणि पाणी आत शिरत नाही. तुळशीच्या लग्नात काढून वर्षभर पुन्हा ठेवताना चक्राच्या खोबणी कोरड्या पुसाव्यात. आतली सोनेरी रेघ उघडी असेल तर हे अधिकच जपावं.

## विकत घेताना

ऑनलाइन मिळणारे बरेचसे मोठे, कापून पॉलिश केलेले सोनेरी ॲमोनाइट रशियातल्या व्होल्गा खोऱ्यातले असतात. देखणे असतात, पण कापल्याने आतलं ताजं पायराइट हवेला उघडं पडलेलं असतं. विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: कुठल्या जागेचा, कधी काढलेला, कशाचा लेप. पाच वर्षांपूर्वी काढून अजून स्वच्छ असलेला नमुना कालच्या ताज्या नमुन्यापेक्षा भरवशाचा. भिंगाने भेगा पाहा, आणि डबी उघडताच आंबूस वास आला तर घेऊ नका.

जागा, तारीख आणि जमल्यास थराचं नाव असलेली चिठ्ठी नमुन्याइतकीच जपायची असते. ती पेन्सिलने लिहा, तोच मजकूर वहीत दुसऱ्यांदा लिहा, आणि चिठ्ठी डबीच्या आत न ठेवता बाहेरून चिकटवा. आत ठेवली तर आम्लाने आधी तीच जळते.